पाच टक्के डांबर आणि पंच्याण्णव टक्के दगड : ‘टारमॅक’ या रस्ते-व्यवसायाचा प्रकरण अभ्यास

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर काउंटीचे रस्ते सर्वेक्षक एडगर पर्नेल हूली यांनी १९०२ मध्ये डांबर आणि लोखंडाच्या भट्टीतील धातुमळी (स्लॅग, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा टाकाऊ दगड) यांच्या मिश्रणातून रस्ता करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जून १९०३ मध्ये त्यांनी ‘टारमॅकॅडम (पर्नेल हूलीज पेटंट) सिंडिकेट लिमिटेड’ या लांबलचक नावाची कंपनी नोंदवली. पुढच्या दोन वर्षांत ही कंपनी रुळली नाही आणि ती वुल्व्हरहॅम्प्टनचे पोलादमालक व संसद सदस्य सर आल्फ्रेड हिकमन यांच्याकडे गेली. हिकमन यांनी १९०५ मध्ये ‘टारमॅक’ या आटोपशीर नावाने ती नव्याने उभी केली आणि ते नाव आज शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे.

हे प्रकरण सहसा एका शोधाची गोष्ट म्हणून सांगितले जाते. व्यवसायाचा इतिहास म्हणून त्याकडे पाहिले की वेगळाच प्रश्न समोर येतो. १९०३ ते १९०५ या काळात हिकमन यांनी कोणताही नवा शोध लावलेला नव्हता. पेटंट तेच होते, गिऱ्हाईकही तेच होते, म्हणजे स्थानिक रस्ते प्राधिकरणे. असे असताना एकाच्या हातात न चाललेला धंदा दुसऱ्याच्या हातात का चालला? त्याचे उत्तर माझ्या मते डांबरात नसून दगडात आहे.

आधीचा रस्ता आणि त्याची धूळ

हूली यांच्यापुढची अडचण समजण्यासाठी जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) यांचा रस्ता समजून घ्यावा लागतो, कारण ‘टारमॅक’ या शब्दातला ‘मॅक’ त्यांचाच आहे. १८१६ मध्ये ब्रिस्टॉलच्या टर्नपाइक न्यासाचे, म्हणजे पथकर घेऊन रस्ते राखणाऱ्या संस्थेचे, सर्वेक्षक झालेल्या मॅकॅडम यांचे म्हणणे असे होते की, भार वाहते ती खालची जमीन, आणि ती कोरडी राहिली तर कोणतेही ओझे पेलते. वरच्या खडीचे खरे काम पाणी आत जाऊ न देणारे छप्पर होण्याचे आहे. म्हणून त्यांनी मोठमोठ्या दगडांचा पाया टाळला, रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवला, आणि फोडलेली, कोनदार, बारीक खडी मातीची भेसळ न करता थरांनी पसरली. एक खडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा जड नसावा असा दंडक होता. नदीतला गुळगुळीत गोटा त्यांना चालत नसे, कारण गोटे एकमेकांवरून घरंगळतात आणि फोडलेल्या खडीचे कोन एकमेकांत अडकून बसतात. आजही खडी क्रशरवर फोडूनच वापरतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे.

या रस्त्याचे एक वैशिष्ट्य असे की, त्याला झीज आवश्यक होती. बैलगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लोखंडी धावा खडीवरून जाताना तिची थोडीशी भुकटी करीत, पाऊस ती भुकटी फटींत बसवी आणि थर घट्ट होत जाई. वाहतूकच रस्ता बांधत होती असे म्हटले तरी चालेल. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी आल्या तेव्हा हा समतोल नेमका उलटा झाला. रबरी टायर खडीला दळत नाही, त्यामुळे नवी भुकटी तयार होत नाही. मात्र वेगाने फिरताना तो आधीची भुकटी फटींतून ओढून काढतो आणि मागे उधळतो. अशा रीतीने खडी बांधून ठेवणारा मसाला हवेत जाई आणि वर उरलेली खडी सुटी होई. १ जानेवारी १९०४ पासून लागू झालेल्या ब्रिटिश मोटार कायद्याने वेगमर्यादा ताशी २० मैल केली, तेव्हा ही तक्रार आणखी वाढणार हे उघड होते. धूळ ही केवळ शेजारच्या घरांची गैरसोय नव्हती, तो रस्त्याचा क्षय होता.

उपाय शोधणारे हूली एकटे नव्हते. मोनॅकोत स्विस डॉक्टर अर्नेस्ट गुग्लिएल्मिनेटी यांनी १९०२ मध्येच राजपुत्र आल्बेर पहिले यांच्या पाठिंब्याने रस्त्यावर गरम डांबर पसरून धूळ दाबण्याचा प्रयोग केला आणि त्यांना ‘डॉक्टर डांबर’ असे टोपणनाव मिळाले. त्याच्याही कितीतरी आधी, १८३४ मध्ये, इंग्लंडमध्ये जॉन हेन्री कॅसेल यांनी मॅकॅडमच्या थराला डांबराने बांधण्याचे पेटंट घेतलेले होते. तेव्हा डांबर आणि खडी एकत्र आणणे ही कल्पना हूली यांची नव्हे, हे आरंभीच नोंदवलेले बरे.

डेन्बीचे पिंप

प्रचलित हकीकत अशी आहे. १९०१ मध्ये हूली डर्बीशायरमधील डेन्बी येथील लोखंडाच्या कारखान्याजवळून जात असताना त्यांना रस्त्याचा एक तुकडा आश्चर्यकारकरीत्या गुळगुळीत आणि धूळरहित दिसला. चौकशी केल्यावर कळले की, गाडीवरून डांबराचे एक पिंप पडून फुटले होते आणि ती चिकट घाण झाकण्यासाठी कोणीतरी शेजारच्या भट्टीची टाकाऊ धातुमळी त्यावर ओतली होती. त्या तुकड्यावर ना चाकोऱ्या पडल्या होत्या ना धूळ उडत होती.

ही गोष्ट सांगायला सोपी असल्याने ती टिकली. तिच्या तपशिलांवर भांडण्याचे कारण नाही, पण ती जे अधोरेखित करते ते चुकीचे आहे असे मला वाटते. ऐकणाऱ्याचे लक्ष पिंपाकडे जाते, वास्तविक ते ढिगाकडे जायला हवे. सांडलेल्या डांबरावर जवळपास जे काही मिळाले ते टाकले गेले, आणि जवळपास होती ती धातुमळी, कारण लोखंडाच्या भट्टीशेजारी ती कधीच कमी पडत नाही. खनिजातला मातीचा अंश आणि चुनखडी मिळून भट्टीत जो वितळलेला द्रव लोखंडावर तरंगतो, तो थंड झाला की धातुमळीचा दगड होतो. आजच्या भट्टीत एक टन लोखंडामागे साधारण ३०० किलो धातुमळी निघते. हलक्या प्रतीच्या खनिजावर चालणाऱ्या जुन्या भट्ट्यांत हे प्रमाण कितीतरी अधिक असे. हा दगड फोडला की कोनदार तुकडे होतात, त्याचा पृष्ठभाग सच्छिद्र आणि खरखरीत असतो, त्यामुळे डांबर त्याला नुसते चिकटत नाही, तर छिद्रांत शिरून पकडते. मॅकॅडम यांना खडीत जे हवे होते ते सारे गुण आणि वर डांबराची पकड, हे त्या टाकाऊ मालात एकत्र होते.

हूली यांनी यावरून जी पद्धत बांधली तीत आधीच्या लोकांपेक्षा निश्चित पुढचे पाऊल होते. आधीचे डांबरी रस्ते जागेवरच केले जात: खडी पसरायची, वरून डांबर ओतायचे आणि ते आत झिरपेल अशी आशा करायची. हूली यांच्या पेटंटमध्ये डांबर गरम करून त्यात थोडे पिच, राळ आणि पोर्टलंड सिमेंट घालून ते यंत्राने फोडलेल्या धातुमळीत आधीच मिसळायचे होते आणि हा तयार माल रस्त्यावर पसरून वाफेच्या रोलरने दाबायचा होता. मिसळणे आणि पसरणे यांची फारकत झाली. रस्त्यावर खडी ओली असली की डांबर तिला धरत नाही, आणि इंग्लंडच्या हवेत खडी कोरडी मिळणे ही नशिबाची बाब असते. छपराखाली मिसळल्याने ही अडचण पुष्कळ कमी झाली. प्रत्येक खड्याला सारखा लेप मिळाला. नॉटिंगहॅमच्या रॅडक्लिफ रोडचा सुमारे पाच मैलांचा पट्टा हा या पद्धतीने झालेला पहिला रस्ता मानला जातो.

वजनाचा हिशोब

इतके सारे असताना कंपनी का रुळली नाही? हूली यांना माल विकता येत नव्हता, ते व्यापारी नव्हते, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. ते खरेही असेल. दुसऱ्या काउंट्यांचे सर्वेक्षक हेच त्यांचे गिऱ्हाईक होते, आणि समव्यवसायी अधिकाऱ्याकडून त्याच्या स्वतःच्या पेटंटचा माल घेताना कोणीही दोनदा विचार करणारच. पण स्वभावावर सगळा दोष टाकण्यापूर्वी एक साधा हिशोब करून पाहावा.

सहा मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता घेऊ आणि दाबून झाल्यावर थराची जाडी ७५ मिलिमीटर धरू. मिश्रणाचे आकारमान ४५० घनमीटर होते. एका घनमीटरला २.२ टन धरले तर वजन ९९० टन, म्हणजे जवळजवळ हजार टन. यात डांबराचा वाटा पाच टक्के मानला तर डांबर पन्नास टन लागेल आणि उरलेले साडेनऊशे टन निव्वळ दगड असेल. हा एका किलोमीटरचा आणि एकाच थराचा हिशोब आहे.

हूली यांचे पेटंट या पाच टक्क्यांना आणि मिसळण्याच्या क्रियेला संरक्षण देत होते. उरलेले पंच्याण्णव टक्के त्यांना कोणाकडून तरी विकत घ्यायचे होते, वाहून आणायचे होते, फोडायचे होते आणि पुन्हा वाहून न्यायचे होते. खडीच्या धंद्यात नेमके इथेच घोडे पेंड खाते. ज्या वस्तूला वजन प्रचंड आणि किलोमागे किंमत नगण्य, तिच्या बाबतीत ठरावीक अंतर ओलांडले की वाहतूक मालापेक्षा महाग पडू लागते. म्हणून खडीचा धंदा जगात सर्वत्र मुळात स्थानिक असतो: खाण किंवा ढीग मध्यभागी आणि त्याभोवती गाडी परवडेल तेवढ्या अंतराचे वर्तुळ. त्या वर्तुळाच्या केंद्रावर ज्याची मालकी नाही, त्याला पेटंट असूनही दुसऱ्याच्या मर्जीवर चालावे लागते.

हिकमन यांची स्थिती बरोबर उलटी होती. १८३० मध्ये जन्मलेले हिकमन दक्षिण स्टॅफर्डशायरच्या कोळसा-लोखंडाच्या मुलखातले मोठे कारखानदार होते आणि बिल्स्टनजवळील स्प्रिंग व्हेल येथे त्यांच्या भट्ट्या होत्या. त्यांच्याकडे धातुमळीचे ढीग होते आणि ते वाढतच होते. भट्टीवाल्याच्या दृष्टीने हा ढीग मालमत्ता नसतो: त्याला जागा लागते, तो हलवायला मजूर व गाड्या लागतात, आणि भट्टी पेटलेली आहे तोवर तो थांबत नाही. हूली यांना जो कच्चा माल पैसे देऊन घ्यावा लागत होता, तोच माल नाहीसा व्हावा म्हणून हिकमन पैसे खर्च करीत होते. एकाच ढिगाची किंमत एकाच्या वहीत खर्चाच्या बाजूला अधिक आणि दुसऱ्याच्या वहीत उणे, असा हा प्रकार होता. या दोन वह्या एकत्र आल्या तेव्हा धंद्याचे गणित आपोआप बदलले. हिकमन यांनी हूली यांच्या कंपनीत जे पाहिले ते रस्त्याचे भविष्य असेल किंवा नसेलही. ढिगाला गिऱ्हाईक मिळत आहे एवढे दिसणे पुरेसे होते.

येथे एक तांत्रिक सावधगिरी नोंदवतो, कारण धातुमळी म्हणजे सारा एकच माल असे समजण्याची चूक अजूनही होते. लोखंडाच्या भट्टीतली मळी तुलनेने स्थिर असते. पोलाद करताना निघणाऱ्या मळीत मोकळा चुना राहू शकतो, तो ओलावा शोषून फुगतो आणि वरचा थर उचलून फोडतो. अशी मळी वापरण्यापूर्वी उघड्यावर पावसापाण्यात मुरू द्यावी लागते. मग वर्षानुवर्षे पडून राहिलेला ढीग हा दोष न राहता गुण ठरतो.

नाव, कायदा आणि वाढ

१९०५ नंतरच्या यशातला थोडा वाटा नावालाही द्यायला हवा. आधीच्या कंपनीच्या नावात संशोधकाचे नाव, पेटंट आणि कंस हे सारे होते, पण ते कोणी एका दमात उच्चारले असते का याची शंका वाटते. ‘टारमॅक’ हा दोन अक्षरगटांचा शब्द नोंदणीकृत व्यापारचिन्ह असूनही इंग्रजीत सामान्यनाम झाला, इतका की विमानतळावरच्या ज्या फरसबंदीला लोक टारमॅक म्हणतात ती पुष्कळदा काँक्रीटची असते.

त्याहून मोठा वाटा कायद्याचा होता. ब्रिटनमध्ये १९०९ च्या अर्थसंकल्पाने पेट्रोलवर गॅलनमागे तीन पेन्स कर बसवला, आणि तो व वाहनांच्या परवान्यांचे शुल्क यांतून रस्ते सुधारण्यासाठी निधी उभा राहिला. १९१० मध्ये त्यासाठी रोड बोर्ड स्थापन झाले. स्थानिक प्राधिकरणाला धूळ दिसत होतीच, आता ती मिटवायला बाहेरून पैसा येऊ लागला. याच वर्षी हिकमन वारले. १९१३ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. हूली मात्र १९४२ पर्यंत जगले, म्हणजे आपल्या मूळ कंपनीचे लांबलचक नाव छाटून केलेला शब्द देशभर रुळलेला त्यांनी पाहिला.

पुढच्या दशकांचा तपशील येथे आवश्यक नाही. दिशा तेवढी सांगतो. धातुमळीवर उभा राहिलेला धंदा भट्टीच्या नशिबाला बांधलेला असतो, आणि रस्त्यांची मागणी वाढत असताना भट्ट्या त्या प्रमाणात वाढत नव्हत्या. हिकमन यांचा लोखंड-पोलादाचा व्यवसाय १९२० मध्ये स्ट्यूअर्ट्स अँड लॉइड्स या कंपनीकडे गेला आणि बिल्स्टनचा पोलाद कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. टारमॅकने तोवर आपले केंद्र ढिगाकडून खाणीकडे हलवले होते. १९६८ मध्ये ती ‘डर्बीशायर स्टोन’ या दगडखाणवाल्या कंपनीशी एक झाली. डेन्बीचा तो रस्ता ज्या काउंटीत होता, तिथल्याच दगडाकडे कंपनी फिरून आली. मात्र हा दगड भट्टीतून नव्हे, जमिनीतून निघत होता.

या काळात ती बांधकाम कंत्राटदारही झाली होती, आणि तिथला एक प्रसंग मॅकॅडम यांची आठवण करून देतो. ब्रिटनचा पहिला मोटरवे असलेला प्रेस्टन बायपास टारमॅकने बांधला. तो ५ डिसेंबर १९५८ रोजी खुला झाला आणि जेमतेम दीड महिन्यात, जानेवारी १९५९ मध्ये, दुरुस्तीसाठी बंद करावा लागला. थरात शिरलेले पाणी गोठले, मग झपाट्याने वितळले आणि त्याने पृष्ठभागाचे काही भाग उखडले. छप्पर गळले तर खालची जमीन भार पेलत नाही, हा १८१६ मधला मुद्दा मोटारींच्या काळातही तसाच लागू होता.

डांबराचे काय झाले

आता राहिले ते पाच टक्के. मराठीत आपण टार आणि बिटुमेन या दोहोंना डांबरच म्हणतो, त्यामुळे या प्रकरणातला एक मोठा बदल आपल्या वाचनातून सहज निसटतो. हूली यांचे डांबर दगडी कोळशाचे होते. दिव्यांसाठी आणि चुलींसाठी शहरोशहरी कोळशापासून वायू काढला जाई आणि त्या कारखान्यांत हे डांबर मागे उरत असे. म्हणजे धातुमळी जशी लोखंडवाल्याचा कचरा, तसे हे डांबर वायूवाल्याचा उरलेला माल होता. कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळ्यांतले नॅप्थलिन मूळ याच डांबरातून मिळत असे, आणि त्या गोळ्यांच्या नावात हा संबंध अजून शिल्लक आहे. आज रस्त्यावर पडते ते बिटुमेन मात्र खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरते. दिसायला दोन्ही काळे आणि चिकट असली तरी त्यांची रसायने वेगळी आहेत.

दगडी कोळशाच्या डांबराचा धोका उशिरा कळला असेही म्हणता येत नाही. १९१५ मध्ये जपानचे यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन्महिने ते लावून कर्करोग उत्पन्न होतो हे दाखवले होते. तरीही ब्रिटनच्या रस्त्यांवरून ते मागे हटले त्यात पुरवठ्याचा मोठा हात होता. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडल्यावर १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशभरची उपकरणे त्या वायूवर वळवण्यात आली, कोळशाच्या वायूचे कारखाने बंद झाले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या डांबराचा हा झराही आटला. रस्त्यांत जे आधीच घातले होते ते अर्थात तिथेच राहिले. म्हणून ब्रिटनमध्ये जुना रस्ता खोदताना निघालेल्या मालात कोळशाचे डांबर आहे का हे तपासावे लागते आणि ते ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर तो माल घातक कचरा म्हणून हाताळावा लागतो.

कंपनीच्या नावातला ‘टार’ असा संपला. व्यवसाय थांबला नाही, कारण तो पाच टक्क्यांवर कधी उभाच नव्हता. बांधणारा पदार्थ बदलता आला, दगड मात्र लागतच राहिला.

शेवटच्या टप्प्यातले व्यवहार हीच गोष्ट जास्त उघडपणे दाखवतात. टारमॅकने १९७० च्या दशकात घरबांधणीत उडी घेतली होती. १९९६ मध्ये तिने आपला घरबांधणीचा विभाग विम्पी कंपनीला दिला आणि बदल्यात तिच्याकडून खनिजे व बांधकाम हे विभाग घेतले. १९९९ मध्ये बांधकाम आणि सेवा यांचा भाग ‘कॅरिलियन’ या नावाने वेगळा काढला, आणि खाणी, खडी व डांबरी माल यांचा भाग मूळ नावाने राहिला. कॅरिलियन जानेवारी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या पतनाची कारणे कर्जे आणि तोट्यातली कंत्राटे ही होती; तिच्याकडे खाणी नव्हत्या म्हणून ती बुडाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण तोट्यातल्या कंत्राटाच्या वेळी हाती धरायला जमिनीतला दगडही नव्हता, हे दोन्ही भागांची तुलना करताना नजरेआड करता येत नाही. खडीचा भाग २००० मध्ये अँग्लो अमेरिकन या खाण कंपनीने घेतला आणि २०१५ पासून तो सीआरएच या मूळच्या आयरिश कंपनीकडे आहे. ही कंपनी १९७० मध्ये ‘सिमेंट लिमिटेड’ आणि ‘रोडस्टोन लिमिटेड’ यांच्या एकत्रीकरणातून झाली. तिच्या आद्याक्षरांतला ‘आर’ रोडस्टोनचा, म्हणजे रस्त्याच्या खडीचा आहे.